गिरजाबाईनं टाकलेलं पोराचं मत

मागच्या महिन्यात मतदार यादीचं काम करणाऱ्या मॅडम दारात आल्या. शाळेत शिकवतात, पण हे कामही त्यांच्याच गळ्यात असतं. उन्हानं चेहरा लाल झाला होता. पाणी दिलं, बसायला सांगितलं. त्यांनी कागदावर बोट ठेवून विचारलं, "या गिरजाबाई बाजूच्या घरातच राहतात ना?"

"राहत होत्या. गेल्या."

"कुठं गेल्या? पत्ता बदलला का?"

"मेल्या, मॅडम."

त्या जरा ओशाळल्या. मग त्यांनी तिचं नाव कमी करायचं लिहून घेतलं आणि त्याच घरातल्या नरेशचं, म्हणजे तिच्या मुलाचं, नाव नव्यानं घालायचं लिहून घेतलं. दोन्ही कामं पाच मिनिटांत झाली. गिरजाबाईला हे बघायला मिळालं असतं तर तिनं त्या मॅडमला जेवल्याशिवाय सोडलं नसतं.

मी चौथीपर्यंत शिकले. लकडगंजच्या मागे आमची गल्ली, आरा मशीनच्या शेजारी. लाकडाचा भुसा पोत्यात भरून विकण्यात माझा जन्म गेला. मला गोड लिहिता येत नाही, आणि गिरजाबाई गोड बाई नव्हतीच.

ती कामाला होती बारूद भरायच्या कारखान्यात, शहराबाहेर. डोंगर फोडायला, कोळशाच्या खाणीत, विहिरी खोदायला जे लागतं ते तिथं बनायचं. सकाळी कंपनीची बस नाक्यावर यायची. त्या कामाला बांगडी चालत नाही, जोडवी चालत नाहीत, केसात पिनसुद्धा चालत नाही. साडी सुतीच पाहिजे. अंगात करंट साठतो म्हणे आणि त्याची एक ठिणगी पुरते. म्हणून खोलीत शिरण्याआधी दारातल्या तांब्याच्या पत्र्याला हात लावायचा, अंगातलं जमिनीत सोडायचं आणि मग आत जायचं. ही सवय तिच्या हाडात गेली होती. कोणाच्याही घरी आली की आधी दाराच्या कडीला हात लावायची. माझ्या दाराची कडी तिच्या हातानं गुळगुळीत झाली आहे.

बांगड्या नाहीत, जोडवी नाहीत, म्हणून नव्यानं राहायला आलेल्या बायका तिला विधवा समजायच्या. नवरा तेव्हा ओट्यावर बसून विडी पीत असायचा. एकीनं हळदीकुंकवाला तिला वगळलं, तेव्हा ही तिच्या दारात जाऊन म्हणाली, "माहा नवरा जिता आहे वं बाई. बांगड्या मेल्या फक्त." नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला.

लग्नात फटाके फुटले की आम्ही कान झाकायचो. ती तशीच उभी. म्हणायची, "जो आवाज झाला त्याले काय भ्यायचं. न झालेल्या आवाजाले भ्या." मोबाईल तिनं कधी कानाला लावला नाही. कारखान्यात फोन गेटवरच ठेवून घेत, त्यामुळे ती वस्तू अंगाजवळ धरायची नसते असं तिच्या डोक्यात बसलं होतं. फोन आला की तो ओट्यावर ठेवायची, स्पीकर सुरू करायची आणि हातभर लांब बसून बोलायची. तिच्या घरातलं सगळं गल्लीला माहीत असण्याचं कारण तेच.

फक्त एक गोष्ट कोणाला माहीत नसायची. ती मत कोणाला देते.

मतदानाच्या दिवशी ती पांढरी सुती साडी नेसायची, दीक्षाभूमीवर जाताना नेसायची तीच. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ती तिथं गेली होती. बापानं तिला शिकवलं होतं की आपल्याला मत मिळालं ते फुकटात मिळालं नाही. ते विकायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही, आणि आपलं मत दुसऱ्या कोणाला टाकू द्यायचं नाही. नवरा मुद्दाम चिडवायचा, "गिरजे, कोणाले टाकलं?" ती म्हणायची, "भाजी कोणती करू ते विचार." नवरा मरेपर्यंत त्याला कळलं नाही.

गल्लीतल्या चंपाआजीची गोष्ट सांगते. आजी पंच्याऐंशीच्या पुढची, उठता येत नव्हतं. विधानसभेच्या वेळी अशा म्हाताऱ्यांचं मत घ्यायला सरकारी माणसं घरी आली. पुठ्ठ्याचा आडोसा, कागदाची मतपत्रिका, पाकीट, एक पोलीस, एक व्हिडिओ काढणारा. गल्ली गोळा झाली. आजीचा मुलगा पुढे सरकून म्हणाला, "बुढीले दिसत नाही, मी खूण करून देतो." साहेब काही बोलायच्या आत गिरजाबाई दारातून म्हणाली, "तुले कोणी विचारलं गा? तिले दिसते. कालच माह्या साडीवरचा डाग दाखवला तिनं मले."

"माही माय आहे, काकू."

"माय आहे म्हणून मत तुहं झालं का? हो बाजूला."

मुलगा बाजूला झाला. आजीनं आडोशामागे बराच वेळ लावून खूण केली, पाकीट बंद झालं. त्या दिवशी गिरजाबाई घरी जाईपर्यंत त्या मुलालाच बोलत होती, इतका तिला त्याचा राग आला होता. हे मतदानाच्या आठ दिवस आधीचं आहे. आठ दिवसांनी तिनं जे केलं ते मी आता सांगते.

नरेश तिचा एकुलता एक. सैन्यात होता, सीमेवर. त्याचं नाव फौजी मतदारांच्या यादीत. लोकसभेला त्याचा कागद पोस्टानं यायचा होता, पण तोवर त्याची तुकडी दुसरीकडे हलली. कागद मागून पोचला तेव्हा मोजणी होऊन गेली होती. नरेशला ते फार लागलं. फौजेच्या माणसाला एक दुसरी सोय असते. गावातलं एक माणूस नेमून द्यायचं, ते माणूस केंद्रावर जाऊन त्याच्या नावानं मत टाकतं. विधानसभेसाठी नरेशनं कागद भरून आईला नेमलं. गिरजाबाई पंधरा दिवस गल्लीत ताठ चालत होती. "माहं एक, पोराचं एक. दोन मतांची बाई आहो मी."

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. मी तिथंच होते, तिची मेथी निवडत होते. फोन ओट्यावर, आवाज सगळीकडे.

"माय, वरून पाचवं बटन. ध्यानात ठेवजो."

"काहून, तोच काहून?"

"बाबाले अटॅक आला तेव्हा ज्यानं आपल्या गाडीत घालून मेडिकलच्या दवाखान्यात नेलं, तो आहे तो. मी इथं होतो माय. जे काम मी करायचं ते त्यानं केलं."

"ते खरं आहे."

"तुह्यं तू पाह्य. माह्यं पाचवं."

"होय रे, पाचवं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मिळून गेलो. तिनं आधी स्वतःचं मत दिलं, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला शाई. मग मुलाच्या नावाचा कागद दाखवला, तेव्हा मधल्या बोटाला शाई. रांगेत कोणीतरी ओरडलं, "बोगस आहे, बुढी दोनदा टाकून राहिली." मतदान अधिकाऱ्यानं उठून समजावून सांगितलं, तरी एक पोरगा कुरकुरत होता. गिरजाबाई त्याला म्हणाली, "माहा पोरगा तिकडं उभा आहे, म्हणून तू इथं उभा राहून बोंबलून राहिला." रांग हसली. ती आत गेली आणि पटकन बाहेर आली. मी म्हटलं, झालं. मला काही वेगळं वाटलं नाही.

महिन्याभरानं तुरीच्या ओल्या शेंगा आल्या. आम्ही माझ्या अंगणात सोले, म्हणजे ओले दाणे, काढत बसलो होतो. ती खाली मान घालून म्हणाली, "सुमन, मी पाचवं नाही दाबलं."

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे.

"पोराचं. दुसरं दाबलं मी. माह्यंही दुसरं आणि त्याचंही दुसरं."

दुसऱ्या बटनाचा माणूस प्रचाराला आमच्या गल्लीत आला होता. त्यानं भाषणात सांगितलं होतं की इथं ड्रोनचे कारखाने वाढवू, इतके ड्रोन बनवू की जवानाला पुढे उभं राहायची गरजच पडणार नाही, मशीन पुढे जाईल आणि आपला पोरगा मागे राहील. गिरजाबाईच्या कारखान्यात तोवर डोंगर फोडायच्या मालाबरोबर ड्रोनला लावायचा मालही भरायला लागले होते. तिच्यासोबतच्या बायकांच्या मुली आता ते भरतात. तिला वाटलं, हा माणूस आपल्या ओळखीचं बोलतो. ती सांगत होती, "त्या पुठ्ठ्यामागं उभी राहिली ना मी, तर मले फक्त इतकंच आठवलं. मशीन पुढं, नरेश मागं. त्याच्या बाबाले गाडीत नेलं ते खरं. पण बाबा मेलाच ना. हा तर जिता आहे."

"मग सांगून टाक त्याला."

"सांगीन. सुट्टीत आला की सांगीन."

मी तिला दोष दिला नाही. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. पाचव्या बटनाचा माणूस तर इतक्या मतांनी पडला की एका मतानं त्याचं काही झालं नसतं. हे मी तिला म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "तो पडला त्याचं नाही वं. चंपाआजीच्या पोराले मी काय काय म्हटलं." आणि पुढच्या शेंगा इतक्या जोरात सोलल्या की दाणे अंगणभर उडाले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सीमेवर ड्रोन आले. टीव्हीवर दिवसभर तेच. लहान लहान, थवे करून येतात, माणूस नसतो त्यांच्यात. नरेश एकदा फोनवर म्हणाला होता, "माय, मोपेडसारखा आवाज येते. मोपेड वरून जाऊन राहिली असं वाटते." मग तीन-चार दिवस फोन नाही. मग त्याच्या सोबत्याचा फोन आला. नरेशच्या खंदकाजवळ एक ड्रोन पडून फुटला. नरेश जिवंत आहे, हातपाय ठीक आहेत. कान गेले.

नरेशची बायको आणि तिचा भाऊ त्याला बघायला तिकडच्या दवाखान्यात गेले. गिरजाबाई घरी राहिली. तिच्यासोबत बसायला मी जायचे. एका दुपारी ती म्हणाली, "सुमन, तो कसा भरतात माहीत आहे का तुले? तो माल. मशीननं नाही भरत सगळा. हातानं भरतात. लाकडाच्या चमच्यानं. बाया भरतात. बायांचा हात हलका असते म्हणून बाया ठेवतात."

"तो तिकडचा होता वं. आपल्या इथला नव्हता."

"तिकडंही बायाच भरत असतील. सुती साडी नाही तर दुसरं काही घालत असतील. पत्र्याले हात लावून आत जात असतील."

"त्याचा आणि तुझ्या बटनाचा काय संबंध?"

"नाही. मले माहीत आहे, नाही."

तिला माहीत होतं आणि तरी ती तिथंच अडकून बसली. मी तिला रडताना पाहिलं नाही. जेवण मात्र अर्धं झालं. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली होती, तरी दिवसातून चार वेळा हात साबणानं घासायला लागली.

नरेश दिवाळीच्या आधी घरी आला. फौजेनं कागदपत्रं करून त्याला मोकळं केलं होतं. कानात घालायचं मशीन मिळालं होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून तो खिशात ठेवायचा. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नसल्यामुळे तो फार मोठ्यानं बोलायचा. "माय, पाणी दे" म्हटलं की माझ्या घरी ऐकू यायचं. आणि त्याच्याशी बोलायचं तर आपणही ओरडायचं. गिरजाबाईची मोठी पंचाईत झाली. जे कानात सांगायचं ते आता ओरडून सांगावं लागणार होतं.

ती रोज ठरवायची आणि रोज राहायचं. मग महापालिकेची निवडणूक लागली. नरेश म्हणाला, या वेळी आपल्या हातानं मत टाकीन. दोघं झोनच्या ऑफिसात गेले, मीही सोबत होते. खिडकीतल्या बाईनं शांतपणे बघून सांगितलं. फौजेच्या यादीतून नाव निघालं आहे, इथल्या यादीत नव्यानं घालायला अर्ज करायला पाहिजे होता, त्याची तारीख गेली. अर्ज आता घेऊ, पण या निवडणुकीला नाव येणार नाही.

गिरजाबाईनं विचारलं, "मग त्याचं मत सध्या कुठं आहे?"

"सध्या कुठंच नाही, आजी."

नरेशला हे ऐकू आलं नाही. त्यानं आईकडे बघितलं. तिनं हातानं "नाही" अशी खूण केली. त्यानं मान डोलवली आणि आम्ही निघालो. ऑटोत ती माझ्या कानाशी म्हणाली, "त्याचं शेवटचं मत मीच खाल्लं वं सुमन."

त्या संध्याकाळी ती कागद आणि पेन घेऊन माझ्याकडे आली. तिला सहीपुरतं लिहिता यायचं. "तू लिहून दे. मी त्याच्या हातात देते."

"मी नाही लिहिणार," मी म्हटलं. "तू केलं, तू सांग. कागद देऊन पळून जाशील."

तिनं पेन परत उचललं आणि गेली. आता वाटतं, लिहून द्यायला माझ्या बापाचं काय जात होतं. पण तेव्हा मी असंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नळाला पाणी आलेलं, बायका भांडी घेऊन रांगेत, नरेश ओट्यावर दाढी करत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पूर्ण आवाजात ओरडली, "नरेश, तुह्यं मत मी पाचव्याले नाही टाकलं. दुसऱ्याले टाकलं."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. गालावर साबण होता. तिला वाटलं ऐकू गेलं नाही. ती आणखी मोठ्यानं ओरडली, "बाबाले नेलं त्याले नाही टाकलं. मी माह्या मनानं टाकलं."

नळावरची एक बाई हसली आणि लगेच आपल्या भांड्याकडे वळली. चंपाआजीचा मुलगा सायकल घेऊन निघाला होता, तो थांबून ऐकत होता. गिरजाबाईनं त्याच्याकडेही एकदा बघितलं, नजर चुकवली नाही.

नरेशनं वस्तरा खाली ठेवला. "मले माहीत होतं," तो म्हणाला, आणि त्याचा तो मोठा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला. "मी फोनवर विचारलं पाचवं टाकलं का, तर तू म्हणाली, टाकलं रे बाप्पा, जेवला का. मताचं लपवायचं असलं की तू जेवणाचं काढते, बाबालेही तसंच करायची."

"मग बोलला काहून नाही?"

हे त्याला ऐकू आलं नाही, की आलं आणि त्यानं उत्तर दिलं नाही, मला सांगता येत नाही. त्यानं वस्तरा उचलला आणि उरलेली दाढी केली. त्यानंतर काही दिवस तो आईशी बोलला नाही. रागावला म्हणावं तर ताटात वाढलेलं सगळं खायचा. पण "माय, पाणी दे" हा आवाज बंद झाला. तो उठून आपलं पाणी घ्यायचा. गिरजाबाईला ते ओरडण्यापेक्षा जड गेलं.

मतदानाच्या दिवशी ती निघाली तेव्हा तो न सांगता तिच्यासोबत निघाला. नाव नव्हतं, तरी आला. शाळेत केंद्र होतं. अधिकाऱ्यांनी, म्हाताऱ्या बाईसोबत आला आहे म्हणून त्याला व्हरांड्यापर्यंत येऊ दिलं. या निवडणुकीत एकाच माणसाला चार वेळा बटन दाबायचं होतं, वॉर्डात चार जागा म्हणून. मी तिच्या मागेच रांगेत होते. पुठ्ठ्याखालून तिचे पाय दिसत होते.

बराच वेळ झाला. अधिकारी म्हणाले, "आजी, एक राहिलं अजून."

ती पुठ्ठ्यामागून बाहेर आली, तीन बटनं दाबून. दारापर्यंत आली आणि व्हरांड्यात बघून ओरडली, "नरेश, हे एक तुह्यं. सांग कोणाले टाकू."

"आजी, असं चालत नाही," अधिकारी उठले. "इथं विचारायचं नाही. आत जा."

नरेशला मात्र या वेळी कळलं होतं. त्यानं हात हलवला. "मले नको विचारू," तो म्हणाला, आणि खोलीतले सगळे त्या आवाजानं दचकले. "ते तुह्यं आहे. तुह्यं तूच टाक."

पोलिंग एजंट हसले. ती हसली नाही. वळून पुठ्ठ्यामागे गेली. पुन्हा तिचे पाय दिसू लागले. थोड्या वेळानं मशीनचा लांब आवाज आला. कोणाला टाकलं ते मी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नसतं.

माझं मत देऊन मी बाहेर आले तेव्हा दोघं शाळेच्या फाटकातून निघाली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला ताप आला आणि ती गेली. तिला धडधाकट चालताना मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. रस्त्यावर ट्रकची गर्दी होती. नरेश पुढे होता, ती त्याच्या मागे, रस्त्याच्या बाजूनं. मागून येणारी गाडी त्याला ऐकू यायची नाही. ट्रक आला की ती त्याच्या पाठीला हात लावायची आणि तो मागे न बघता कडेला व्हायचा. ट्रक जायचा. ते पुन्हा चालू लागायचे. चौकातल्या गर्दीत ते दिसेनासे होईपर्यंत तिनं किती वेळा हात लावला ते मी मोजलं नाही, पण त्यानं एकदाही तो झटकला नाही.